वाचलेल्या वचनाची किंमत कोणी द्यायची?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पवित्र शास्त्र रोज उघडले जाते. कोणी पहाटे वाचतो, कोणी रात्री निजण्यापूर्वी. नवीन वर्ष लागले की मंडळीत वर्षभराच्या वाचनाचा तक्ता मिळतो. ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय वाचले की डिसेंबरअखेर सारे वाचून होते. ही सवय चांगलीच आहे. जेवणाची वेळ ठरलेली असली की भूकही वेळेवर लागते, तसेच वचनाचेही आहे.

पण गेले काही महिने एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. आजचे वाचन झाले, असे केव्हा म्हणायचे? तक्त्यावर खूण केली की झाले? की त्या वचनाने सांगितलेले काही केले, म्हणजे झाले? आणि समजा आपण ते केलेही, तर त्याची किंमत कोणी दिली? आपण दिली, की आपल्या शेजारच्या कोणी? हा शेवटचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज तोच तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो.

मी भिलाईत राहते. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला, १९५९ मध्ये इथली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे येऊन राहिली. त्यांत नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबेही आली. आमच्या प्रार्थनासभेत एकच अध्याय मराठी, हिंदी, छत्तीसगढी, मल्याळम आणि तेलुगू पुस्तकांतून उघडलेला असतो. हे शहर तसे नवे. पण नागपूरहून इकडे येणारी रेल्वेची वाट त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि त्याच वाटेवर मराठी ख्रिस्ती माणसाने कधी विसरू नये अशी एक गोष्ट घडली.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव म्हणजे आमच्या अलीकडचे, आज गाडीने तासाभराच्या आतबाहेरचे गाव. टिळक तेव्हा एकतीस वर्षांचे होते. कवी, संस्कृताचे जाणकार, धर्माविषयी मनात अनेक प्रश्न घेऊन फिरणारे. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणे काव्यावरून निघाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी शब्द दिला होता, म्हणून पुस्तक उघडले. मनात फारशी ओढ नव्हती. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचा पाय तिथून निघेना.

पाच, सहा आणि सात असे हे तीन अध्याय आहेत. मोजली तर १११ वचने. अर्ध्या तासात वाचून होतात. टिळकांचे मात्र पुढचे सारे आयुष्य त्यांनी व्यापले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रवचनाच्या अखेरीस प्रभूने दोन घरांचा दाखला दिला आहे (मत्तय ७:२४-२७). एक घर खडकावर, दुसरे वाळूवर. लहानपणापासून आपण तो ऐकत आलो आहोत, म्हणून त्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. वाळूवर घर बांधणाऱ्यानेही प्रभूचे शब्द ऐकले होते! प्रभू तसे स्पष्ट सांगतो. दोघांचे ऐकणे सारखे, दोघांवर आलेला पाऊस आणि वाराही सारखाच. फरक पडला तो एकाने ऐकले तसे केले आणि दुसऱ्याने केले नाही, एवढ्यानेच. आजच्या भाषेत सांगायचे तर वाचनाचा तक्ता दोघांचाही पूर्ण होता.

इथवर आपण सगळे सहमत होऊ. वाचावे आणि तसे वागावे, हे कोणाला नको आहे? पण टिळकांच्याच घरात पुढे काय घडले ते पाहिले की गोष्ट इतकी सोपी राहत नाही.

टिळकांनी वचनाप्रमाणे पाऊल टाकले आणि त्याची किंमत मोजली. जात गेली, नातेवाईक तुटले, मान गेला. पण किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत असून त्याच्याविना, लहान मुलाला घेऊन, नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षे काढली. लोकांचे बोलणे त्यांनी सोसले. त्यांनी तर ते पुस्तक उघडलेही नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाईंनी आपले दुःखसुद्धा हसत सांगितले आहे. पण पुस्तक खाली ठेवल्यावर मन विचारते, की एकाच्या विश्वासाची किंमत दुसऱ्याने का द्यावी?

टिळकांना नावे ठेवण्यासाठी हे मी लिहीत नाही. काही पावले अशी असतात की ती टाकताना जवळच्या माणसाला धक्का बसतोच. प्रभूनेही हे लपवून ठेवले नाही. म्हणून त्यानंतरचे टिळक पाहिले पाहिजेत. दोघे पुन्हा एकत्र राहू लागले तेव्हा लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे वेगळे होते, स्वयंपाक वेगळा होता. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. घरात होणारी अडचण सोसण्याची पाळी आता त्यांची होती, आणि ती त्यांनी सोसली. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून ठरवले की जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नाही, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा निर्णय त्यांचा होता. त्याची किंमतही त्यांनी समजून उमजून दिली.

यातून मला एक कसोटी मिळाली. वचन पाळताना पहिला भार माझ्या खांद्यावर येतो की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या येत असेल, तर तेच वचन पुन्हा एकदा वाचावे.

ही कसोटी घेऊन आपण आपल्याच घरात फिरून पाहू या.

भिलाईत फर्स्ट शिफ्ट सकाळी सहाला लागते. पुरुषमाणसाला पहाटे मननासाठी वेळ हवा असतो, आणि तो मिळायलाही हवा. पण त्याच वेळी स्वयंपाकघरात कोण उभे असते? डबा भरायचा, चहा टाकायचा, मुलांची तयारी करायची. एकाच्या शांत वेळेसाठी दुसरीची शांतता खर्च होते. लूक १०:३८-४२ मध्ये मार्था आणि मरीया यांची गोष्ट आहे. मरीया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकत होती आणि प्रभूने तिला तिथून उठू दिले नाही. आमच्या घरी एकदा हाच उतारा वाचनात आला. यजमान थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “कणीक मी मळतो, तू वाच.” पहिल्या दिवशीच्या पोळ्या कशा झाल्या ते सांगत नाही! पण आता आम्ही दोघे दहा मिनिटे एकत्र वाचतो आणि मग दोघे मिळून डबा करतो. वाचन पूर्वीपेक्षा कमी होते, पण आता ते घरातल्या दोघांचे असते.

दुसरे उदाहरण रविवारचे. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपल्याला पाठ आहे. निर्गम २०:१० नीट वाचले तर तिथे घरधन्याबरोबर मुलामुलींची, दासदासींची, गुराढोरांची आणि दारात आलेल्या परक्याचीही विश्रांती सांगितली आहे. आपण रविवारी उपासनेला जातो, घरी पाहुणे येतात, आणि भांडी नेहमीपेक्षा दुप्पट पडतात. ती घासायला येणाऱ्या बाईला रविवारची सुटी आहे का? नसेल, तर आपल्या विसाव्याचे ओझे तिच्या पाठीवर आहे. सुटी दिली आणि पगार कापला, तरी ओझे तिच्याच पाठीवर राहिले. सुटी द्यावी, पगार पूर्ण द्यावा आणि भांडी आपण घासावीत. मग आज्ञा पाळली ती आपण, असे म्हणता येईल.

तिसरे मजुरीचे. अनुवाद २४:१५ सांगते की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अडलेला असतो. नीतिसूत्रे ३:२८ म्हणते की देण्यासारखे जवळ असताना शेजाऱ्याला उद्या ये म्हणू नये. आपल्या गावात ठेक्यावर राबणारी माणसे किती आहेत हे आपण जाणतो. घराला रंग देणारा, नळ दुरुस्त करणारा, सामान वाहून आणणारा, हे सगळे आपल्या दारातच येतात. प्रार्थनासभेला उशीर होतोय म्हणून त्यांना “उद्या या” म्हटले, तर ती सभा कोणाच्या पैशांवर झाली?

इथे एक शंका येईल. आमच्या प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बंधूंनी ती बोलूनही दाखवली. तारण कृपेने आहे. मग किंमत मोजण्याची ही भाषा कशाला? आपण पुन्हा कर्मांच्या हिशेबात अडकणार नाही का?

शंका योग्य आहे. उत्तर मला लूक १९ मधल्या जक्कयाकडे मिळते. प्रभू त्याच्या घरी आधी गेला. जक्कयाने काहीही दिलेले नसताना गेला. ती कृपा होती, आणि तिची किंमत प्रभूने स्वतः सोसली, कारण पापी माणसाकडे उतरल्याबद्दल लोकांनी कुरकुर केली ती प्रभूविषयी. त्यानंतर जक्कय उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट. हे सारे त्याने आपल्या थैलीतून द्यायचे ठरवले. वसुली वाढवून दानधर्म करतो, असे तो म्हणाला नाही. आपल्यासाठी दुसऱ्या कोणी किंमत दिली आहे, हे ज्याला कळले तो आपली किंमत तिसऱ्यावर ढकलत नाही. कृपेचे हेच काम आहे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य याची साक्ष देते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या विदुषी होत्या, शास्त्रे जाणणाऱ्या होत्या. तरी त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त त्यांना काही वर्षांनी भेटला. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या निघाल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परत आल्या. आजचा आमचा हा भाग त्या वेळी मध्य प्रांतातच मोडत होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना घर मिळाले, शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करायला घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या, त्यापूर्वी हे काम त्यांनी संपवत आणले होते. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. छपाईच्या कामात मुक्तीतल्या स्त्रियांचे हात होते. वचन वाचणे सोपे व्हावे म्हणून त्या माउलीने आयुष्याची अखेरची वर्षे दिली.

मग कोरड्या दिवसांचे काय? कधीकधी वाचूनही काही लागत नाही. नाईट शिफ्ट करून आलेल्या माणसाचे डोळे अक्षरांवरून नुसते फिरतात. अशा दिवशी खंत करू नये. एकच वचन वाचावे आणि झोपावे. प्रभू आपला हजेरीपट तपासत बसलेला नाही. पण ज्या दिवशी एखादे वचन पाय धरून ठेवील, त्या दिवशी तक्ता बाजूला ठेवण्याचे धैर्य असावे. टिळक तीन अध्यायांपाशी थांबले होते, हे आठवावे.

बंधुभगिनींनो, वाचन संपल्यावर मी आता स्वतःला तीन गोष्टी विचारते. तुम्हीही विचारून पाहा. आजच्या वचनाने माझ्यापुढे कोणते माणूस आणून उभे केले? त्याच्यासाठी सूर्य मावळण्याआधी काय करता येईल? आणि त्याचा खर्च माझ्या वेळेतून, माझ्या पैशातून, माझ्या मानातून होतो आहे ना? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत पहिल्या दोन उत्तरांवर मी विसंबत नाही.

प्रार्थना: हे प्रभू, तू आमच्यासाठी किंमत दिलीस आणि ती कोणावर टाकली नाहीस. तुझे वचन आम्ही रोज उघडतो. ते पाळताना आमचे ओझे आमच्या घरातल्या, दारातल्या, कामावरच्या माणसांवर पडू देऊ नकोस. जे करायचे ते आजच करण्याची बुद्धी आणि बळ दे. आमेन.