शब्दांविना हसवणारी रेषा
व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म 29 जुलै 1925 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात ते शिकले. 1952 च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी बसथांब्यावरचे तरुण-तरुणी रंगवले. त्याच्या शर्टावर मांजरे, तिच्या साडीवर उंदीर! चित्राखाली एक शब्दही नाही, आणि तो लागतही नाही. शब्दाविना विनोद ही त्यांची खरी साधना. अशा चित्रात चूक झाकायला मथळा नसतो. कपड्याची नक्षी, मानेचा कल, नजरेची दिशा यांनीच सारे सांगायचे. म्हणून नेमके काय गाळायचे, हे ठरवणे चित्र काढण्याइतकेच कष्टाचे आणि मोलाचे आहे. 'रेषाटन' या आत्मकथनात फडणीसांनी हा आयुष्यभराचा प्रवास मांडला.

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली. ही पुस्तके महाराष्ट्रभर जात, त्यामुळे भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीसारख्या गावांतल्या मुलांसाठीही ही रेषा होती. कलादालन दूर असलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकात असा चित्रकार लाभणे, ही फार मोठी गोष्ट. रुक्ष मानल्या गेलेल्या विषयात त्यांनी आकड्यांशेजारी हसरी माणसे आणून बसवली.