दुःश्रुती

आषाढ लागला की मी मोबाइलवर आकाशवाणी रत्नागिरी लावते. जयपूरच्या मानसरोवरात, वरुण पथाजवळ, हाउसिंग बोर्डाचं आमचं घर. बाहेर धुळीची वावटळ असते आणि मी ओट्याशी पोळ्या लाटत तिकडचा पाऊस ऐकत असते. लग्नानंतर यांच्या नोकरीमागे इथे आले ती १९८७ साली. माहेर संगमेश्वर तालुक्यातलं.

गेल्या वर्षी गाव सोडलेल्या माणसांच्या आठवणी लागल्या होत्या. एक वृद्ध गृहस्थ चढणीच्या माशांबद्दल बोलत होते. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी वहाळाला आलं की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पार भातखाचरांपर्यंत. मग रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव पाण्यात. गाबोळीने टम्म भरलेले मासे पाटीत कसे उडायचे ते सांगताना त्यांचा गळा दाटून आला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

शेजारच्या भाभीजी डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या दिगंबर जैन. मी का रडते म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळं हिंदीत सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दीदी, बुरा मत मानना. हमारे यहाँ इसे दुःश्रुति कहते हैं."

राग आला नाही असं म्हणणार नाही. माझ्या बापाच्या गावाचा पाऊस ऐकणं हे पाप? पण दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी आचार्य समंतभद्रांचा 'रत्नकरंड श्रावकाचार' पुढे ठेवला. एकोणिसाव्या शतकात याच जयपूरच्या पंडित सदासुखदास कासलीवालांनी त्यावर इथल्या ढुंढारी बोलीत टीका लिहिली, ती त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. विनाकारण घडणाऱ्या पापाचे तिथे पाच प्रकार सांगितलेत. त्याला अनर्थदंड म्हणतात, आणि मन कलुषित करणारं ऐकणं, म्हणजे दुःश्रुती, हा त्यातला एक. जपमाळेच्या १०८ मण्यांचा हिशेबही त्यांनी मला बोटांवर करून दाखवला. हिंसेचा संकल्प, तिची जुळवाजुळव आणि तिची सुरुवात, असे तीन; ते मनाने, वाचेने, कायेने; स्वतः केलेले, करवलेले, अनुमोदिलेले; आणि या सगळ्याच्या मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक अष्टोत्तरशे. त्यातल्या जुळवाजुळवीला त्यांचा शब्द 'समारंभ'. आपण मराठीत तो लग्नपत्रिकेवर छापतो. त्या दिवसापासून हा शब्द वाचताना मी क्षणभर थांबते.

मला अडवलं ते 'अनुमोदिलेले' या शब्दाने. मी गेली कित्येक वर्षं मासळी शिजवलेली नाही. आधी सोसायटीतल्या लोकांसाठी सोडली, मग सवय गेली. हात स्वच्छ आहेत म्हणून मी निर्धास्त होते. आणि इथे हजार वर्षांहून जुना ग्रंथ विचारत होता, आठवताना तुझ्या तोंडाला पाणी सुटतं त्याचं काय?

मी माझ्या बाजूचा आधार शोधला. वनपर्वातली व्याधगीता लहानपणी कीर्तनात ऐकली होती. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा व्याध कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म सांगतो. मला वाटत होतं, हा माझा वकील. पण नीट वाचल्यावर कथा वेगळीच निघाली. कौशिकाने झाडावरच्या बगळीला नुसत्या रागाच्या नजरेने मारलेलं असतं. आणि व्याध मागच्या जन्मी ब्राह्मणच होता. राजाबरोबर शिकारीला गेला, हरीण समजून बाण सोडला, तो एका ऋषीला लागला. व्याध हे स्वतः सांगतो. ऋषीचं विव्हळणं वगळून नुसत्या नेमबाजीचं वर्णन तो करत नाही. म्हणूनच, मला वाटतं, ती शिकारीची गोष्ट असूनही धर्मकथा आहे.

भरतपूरला केवलादेवच्या देवळाजवळ दगडी पाट्या आहेत. कोणत्या तारखेला कोणासाठी शिकार ठेवली, किती पक्षी पडले, एवढंच त्यांवर कोरलंय. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होते. तिथे आकडा आहे, पाहुणा आहे, पक्षी एकही नाही. दुःश्रुती असेल तर ती ही. उलट व्यंकटेश माडगूळकर बघा. खांद्यावर बंदूक टाकून रान तुडवलेला माणूस. वर्षानुवर्षं पुणे आकाशवाणीवर खेड्यातल्या श्रोत्यांसाठी काम केलं. त्यांची 'सत्तांतर' ही कादंबरी वानरांच्या टोळीची आहे. तिच्यात जनावर पुढे येतं, शिकारी कुठच्या कुठे राहतो.

दूर राहणाऱ्याच्या आठवणीचा धोका मला इथे कळला. गावात राहणारा माणूस मासा मारतो, साफ करतो, त्याच्या हाताला वास राहतो. आम्ही लांबची माणसं फक्त चव जपतो. पस्तीस-चाळीस वर्षांत मासा विरून जातो आणि रस्सा उरतो. बापावरची माया आणि मारण्याचं सुख असे एकजीव होतात की एकाला जवळ घेताना दुसऱ्याला कधी अनुमोदन दिलं ते समजत नाही. पण आठवणच टाकून द्यावी हेही मला पटत नाही. ती टाकली तर बाबाही जातील, आणि मासा तर दुसऱ्यांदा मरेल.

म्हणून भाभीजींना मी माझी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच पूर्ण.

बाबा गरवायला जात. मी नऊ वर्षांची, बेडकांचा डबा धरायला. श्रावण लागायला चार दिवस होते. गावाबाहेरच्या तळ्यात पाण्यावर नाणं फिरावं तसा केशरी ठिपका फिरत होता. ती मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, आणि त्यांच्या खाली राखणीला काळी मरळ. बाबांनी गरीला बेडूक लावून बरोबर त्या ठिपक्यावर टाकला. भुकेने नव्हे, पिल्लांवर काही आलं म्हणून ती चवताळून वर आली. बाबा ही गोष्ट आयुष्यभर सांगत आणि दरवेळी मरळीच्या वजनापाशी संपवत. आईने त्रिफळं घालून तिखलं केलं. मी दोनदा भात घेतला.

भाभीजींनी विचारलं, "और बच्चे?"

मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर बघायला गेले होते. ठिपका होता, पण फुटलेला, इथे चार, तिथे सहा. बांबूवर खंड्या बसला होता. मी दगड मारून त्याला उडवलं. तो पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. शाळेची घंटा होईपर्यंत मी दगड मारत होते.