भाषेवाचूनचा प्रवास आणि यजमानाचे कर्तव्य

ज्या देशाची भाषा आपणास बोलता येत नाही आणि ज्याची लिपी वाचता येत नाही, त्या देशात दुभाष्याच्या वा प्रवासी कंपनीच्या आश्रयावाचून एकट्याने हिंडावयास निघणे, यास धाडस म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आणि तो देश चीन असला तर परतलेल्या मुसाफिराच्या हिमतीचे कौतुक काही काळ चालूच राहते. हे कौतुक मला अपुरे वाटते. भाषेवाचून परमुलखात जो निभावून जातो, तो केवळ स्वतःच्या हिमतीवर निभावून जात नाही. चार पावले सोबत येऊन वाट दाखविणाऱ्या आणि आपले काम बाजूला ठेवून त्याच्या खाणाखुणांचा अर्थ लावीत बसणाऱ्या अनोळखी माणसांच्या सौजन्यावर तो निभावतो. म्हणून अशा प्रवासाचा विचार करताना प्रवाशाच्या पराक्रमाइतकेच यजमानाच्या वर्तनाकडेही पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

ज्या धंतोलीत मी हे लिहीत आहे, ती नागपुरातील डॉक्टरांची पेठच होय. तेव्हा चीनचा विषय निघाला की एका डॉक्टरांचे नाव येथे प्रथम आठवावे, हे स्वाभाविक आहे. १९३७ च्या अखेरीस चिनी सेनापती च्यू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली, आणि सुभाषबाबू अध्यक्ष असताना, १९३८ च्या सप्टेंबरात, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनकडे रवाना केले. पथकाचे नेतृत्व डॉ. अटल यांच्याकडे होते आणि उपनेते होते नागपूरचे डॉ. चोळकर; सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे उरलेले तिघे. यांपैकी कोणाचीही निवड चिनी भाषेचा जाणकार म्हणून झालेली नव्हती. जपानी आक्रमणाने शहरांमागून शहरे पडत असताना कॅन्टन, हँको, चुंगकिंग अशा मार्गाने हे पथक १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले.

डॉ. चोळकर त्याच वर्षी परतले. कोटणीस मात्र परतलेच नाहीत. चुंगकिंगच्या मुक्कामात वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही त्यांनी पुढचीच वाट धरली, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा घेतली, तेथीलच क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या आघाताने होपे प्रांतातील एका खेड्यात त्यांचा अंत झाला. या अल्पावधीत चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली होती की विद्यार्थ्यांना ते त्याच भाषेतून शस्त्रक्रियाशास्त्र शिकवीत. त्यांच्या या व्यासंगाचे गुणगान आपण करतो आणि ते यथार्थ आहे. परंतु भाषा ही कोणालाही एकट्याने शिकता येत नाही. शिकणाऱ्याचे अडखळते वाक्य पुरे होईपर्यंत ज्याने वाट पाहिली, चुकलेला स्वर न हसता सुधारून दिला आणि ओठांवर न येणारा शब्द वस्तूकडे बोट दाखवून पुरविला, असा कोणी जखमी शिपाई, कोणी परिचारिका, कोणी खेडूत त्या प्रत्येक दिवशी त्यांच्यासमोर असलाच पाहिजे. कोटणिसांच्या चिनी भाषेत या अनामिकांचा हिस्सा फार मोठा आहे.

हा व्यवहार एकतर्फी नाही, याचीही इतिहासात नोंद आहे. सातव्या शतकात राजाज्ञेचा परवाना नसताना चीनमधून बाहेर पडलेला ह्युएनत्संग नालंदेत संस्कृतचे अध्ययन करून पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. येथील लोकांच्या अभिमानी आणि सूड न विसरणाऱ्या वृत्तीबरोबरच, संकटात सापडलेल्याने साहाय्य मागितले असता हे लोक स्वतःचे भान विसरून धावून जातात, असेही त्याने नमूद करून ठेवले आहे. दूरदेशीच्या भिक्षूने आपल्या पूर्वजांना दिलेल्या या प्रशस्तिपत्राचा दाखला आपण अभिमानाने देतो. ते आजही आपणास लागू पडते काय, याची खातरजमा मात्र क्वचितच करतो.

आजच्या चीनमध्ये प्रवाशाची पुष्कळशी गैरसोय यंत्रांनी दूर केली आहे. आगगाडीच्या तिकिटाची नोंद पासपोर्टच्या क्रमांकावर होते, दुकानातले पैसे भ्रमणध्वनीवरून चुकते होतात, आणि भाषांतराचे यंत्र खिशात असल्याने भोजनगृहातील फलकाचे कोडेही सुटते. तरीही ज्या भाषेत स्वराच्या चढउताराने शब्द बदलतो, तेथे रोमन लिपीत पाठ केलेले गावाचे नाव समोरच्याला उमजत नाही. चिनी अक्षरांत लिहून घेतलेला कागदच बहुधा कामी येतो. शिआनच्या स्थानकावरील प्रचंड प्रतीक्षालयात असाच एक कागद मी एका वृद्ध स्त्रीपुढे धरला. तिने त्यावरील गाडीचा क्रमांक वरच्या फलकाशी दोनदा ताडून पाहिला, मग दोन्ही तर्जन्यांची फुली करून दहा दाखविले आणि लगेच दोन बोटे उभारली; म्हणजे बारावे दार. मी मान डोलावली, पण तेवढ्याने तिचे समाधान होईना. आपले गाठोडे शेजारणीच्या हवाली करून ती त्या दारापर्यंत आली, रांगेतल्या एका तरुणाला काही सांगितले, आणि मी त्याच्या मागे उभा राहिल्यावरच माघारी वळली. तिच्यावर माझे कोणतेही ऋण नव्हते, आणि माझे आभार तिला तिच्या भाषेत कळण्याजोगेही नव्हते.

अशा वेळी जे मनात ठसते, ते प्रवासाबरोबर संपू नये. धंतोलीच्या रस्त्यांवर गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा अशा दूरदूरच्या मुलखातून आलेली माणसे रोज दिसतात. बगलेत एक्स-रेचे मोठे पाकीट, हातात कागदांची पिशवी, आणि मुखी गोंडी किंवा छत्तीसगढी. पैसे कोठे भरावयाचे, रक्ताचा अहवाल कोठून आणावयाचा, ही गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्यांना मराठीत वा इंग्रजी अक्षरांत सांगितले जाते, आणि समजले नाही असे दिसताच तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगितले जाते. चीनला गेलेला प्रवासी हौसेने गेलेला असतो, त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. हा गृहस्थ नाइलाजाने आलेला असतो, आणि त्याची बायको वा लेकरू वरच्या मजल्यावर खाटेवर असते. दोघांची निर्वाक अवस्था सारखी. पण पहिल्याला आपण धाडसी म्हणतो आणि दुसऱ्याला अडाणी. हा भेद न्यायाचा नाही.

भाषेची भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच उंच असते, परंतु ती ओलांडण्याचा भार मात्र आपण परक्या ठिकाणी आलेल्या माणसावरच टाकतो. वस्तुतः ज्याच्या मुलखात, ज्याच्या दफ्तरात आणि ज्याच्या लिपीत सारा व्यवहार चालला आहे, त्याच्याकडे साधने अधिक आहेत, म्हणून कर्तव्यही त्याचेच अधिक आहे. हे कर्तव्य अवघडही नाही. गोंडी जाणणारा एखादा माणूस प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने दारापाशी तैनात करावा, औषधाच्या पुडीवर सूर्य-चंद्राच्या खुणा काढून सकाळ-रात्र दाखवावी, आणि कागद हाती घेऊन गोंधळलेल्या माणसास नुसते बोट न दाखविता त्या दारापर्यंत पोहोचविण्याची तजवीज करावी. ज्या शहराने परभाषी जखमींच्या सेवेसाठी आपला एक डॉक्टर समुद्रापलीकडे पाठविला, त्या शहराने आपल्या दारी आलेल्या परभाषी रुग्णासाठी एवढे करणे, ही त्याच परंपरेची किमान मागणी आहे.