लोकशाहीचा क्रमांक आणि नंदिनी नगर

लोकशाही ही राज्य चालवण्याची एक पद्धती आहे की माणसांनी परस्परांशी वागण्याची नैतिक रीत आहे, या प्रश्नाला जसे उत्तर द्यावे तसा तिच्या मोजमापाचा अर्थ बदलतो. ती पद्धती असेल, तर निवडणुका, न्यायालये आणि वृत्तपत्रे तपासून देशांना क्रमांक देता येतात. ती रीत असेल, तर तिचा शोध वस्तीत, खाणीत आणि कारखान्याच्या दारातही घ्यावा लागतो. जागतिक क्रमवाऱ्या पहिल्या उत्तरावर उभ्या आहेत, आणि त्यांचे खरे सामर्थ्य व खरी मर्यादा दोन्ही तिथेच आहेत.

लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संस्थेचा लोकशाही निर्देशांक २००६ पासून निघतो. त्यात १६७ देशांविषयी ६० प्रश्नांची उत्तरे तज्ज्ञांच्या मतांतून व जनमत पाहण्यांतून मिळवतात, ती पाच गटांत विभागतात, प्रत्येक गटाला दहापैकी गुण देतात आणि पाचांची सरासरी हा देशाचा गुणांक मानतात. ६ ते ८ च्या दरम्यान गुणांक असलेला देश ‘सदोष लोकशाही’ ठरतो. २०२० साली भारत ६.६१ गुणांसह ५३ वा होता. या आकड्याच्या पोटात मात्र निवडणूक प्रक्रियेचे ८.६७, शासनाच्या कारभाराचे ७.१४, राजकीय सहभागाचे ६.६७, नागरी स्वातंत्र्यांचे ५.५९ आणि राजकीय संस्कृतीचे, म्हणजे लोकशाहीला पोषक अशा सामाजिक धारणांचे, ५.०० असे परस्परांपासून दूर असलेले आकडे होते. मत देण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क ही एकाच जातीची मूल्ये नाहीत, म्हणून एकातील तूट दुसऱ्यातील वाढाव्याने भरून निघत नाही. विनाकारण तुरुंगात डांबलेल्या माणसाची भरपाई चोख मतमोजणीने होत नाही. सरासरी मात्र ती झाल्याचे दाखवते.

वॉशिंग्टनच्या फ्रीडम हाऊस या संस्थेने २०२१ च्या अहवालात भारताला ‘स्वतंत्र’ गटातून ‘अंशतः स्वतंत्र’ गटात उतरवले. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यावर आक्षेप घेताना असे दाखवून दिले की, यापूर्वी भारत या गटात केवळ आणीबाणीत आणि १९९१ ते १९९६ या काळात होता, आणि हा दुसरा काळ तर आर्थिक उदारीकरणाचा होता. मोजक्या जाणकारांच्या मतांवर एवढा मोठा निवाडा उभारू नये, हा त्यांच्या विवेचनातील मुद्दा रास्त आहे. परंतु परवान्यांचे निर्बंध सैल झाले की माणूसही मोकळा होतो असे गृहीत धरल्याशिवाय १९९१ नंतरच्या वर्षांविषयीचा आक्षेप टिकत नाही, आणि छत्तीसगडमधील भिलाईतून पाहता ते गृहीत धरता येत नाही. खासगी कारखान्यांतील ठेका मजुरांना कायम नोकरी आणि पुरेसे वेतन मिळावे म्हणून लढणारे छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतील घरात झोपेत असताना गोळी घालून मारण्यात आले. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १५ हून अधिक माणसे मेली. त्या वर्षांत मतदानाचा हक्क अबाधित होता.

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडकाच्या खाणीलगतची वसाहत. लोहखनिजातील अशुद्ध द्रव्ये धातुमळीच्या रूपाने वेगळी काढण्यासाठी झोतभट्टीत हा चुनखडक लागतो. येथील रहिवासी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या अहिवारा मतदारसंघातून आमदार निवडतात आणि दुर्गमधून खासदार. पण कारखान्याने बांधलेले क्वार्टर कोणाला मिळावे, हे ठरवणारा अधिकारी नेमलेला असतो, निवडलेला नसतो. ७४ व्या घटनादुरुस्तीत तर असे परंतुकच आहे की, उद्योगसंस्था नागरी सेवा पुरवत असेल तेथे राज्यपाल औद्योगिक नगरी जाहीर करू शकतात, आणि मग तेथे नगरपालिका स्थापन न केली तरी चालते. साठ प्रश्नांची यादी इथवर पोहोचत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. छत्तीसगडच्या मातीत हा विचार त्याहूनही जुना आहे. १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सतनाम पंथातून सर्व माणसे सारखी असल्याचे सांगितले, आणि त्यांच्या अनुयायांच्या गावांतून पांढऱ्या ध्वजाचा जैतखाम हा स्तंभ आजही उभा दिसतो. त्यांच्या लेखी समता हा शासनाने द्यावयाचा गुण नव्हता. शेजाऱ्याला कसे वागवावे याचे ते बंधन होते, आणि बंधनाची सरासरी काढता येत नाही.

म्हणून क्रमवारी फेटाळण्याचे कारण नाही, पण तिचा शेवटचा आकडा बाजूला ठेवून वाचकांनी पाचही गट वेगवेगळे वाचावेत. आणि कारखान्याच्या वसाहतींत राहणाऱ्यांना आपल्या पाण्याच्या, घराच्या, रस्त्याच्या कारभारात मत मिळावे, यासाठी औद्योगिक नगरीच्या त्या परंतुकाचा संसदेने फेरविचार करावा.