जनाबाईचा पदर

डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तरी हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन भर बाजारात निघालेली स्त्री: जनाबाईच्या या अभंगाला आज स्त्रीमुक्तीचे गीत मानले जाते. परंपरेनुसार तिचे जन्मगाव गंगाखेड. पंढरपुरात ती नामदेवांच्या घरी दासी होती. जात्यावरच्या ओव्यांतून तिचे नाव मराठवाड्यातल्या घराघरांत टिकले. 1991 मध्ये सुसी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा इंग्रजी संग्रह काढला. त्यात जनाबाईलाही स्थान मिळाले.

पण ही मुक्ती कोणती? शेवटी जनी स्वतःला देवाची वेश्या म्हणवते आणि केशवाच्या घरात शिरते. मालक बदलला, दास्य राहिले, असा आक्षेप घेता येतो. तो पुरा पटत नाही. तिचा विठ्ठल तिच्यासोबत दळतो, शेण वेचतो. इतका खाली उतरलेला धनी हुकूम कसा देणार? आणि लोकलाज जिला बांधू शकत नाही, तिच्यावर समाजाचा ताबा उरतोच किती? तरीही दळण काही संपले नाही. अभंग रचणारी जनी दासीच राहिली.