धुपाटणे कोणाच्या हाती?

येलहंक्याच्या केंपेगौडाने 1537 साली वसवलेले बंगळुरू आज उदबत्तीच्या व्यवसायासाठी देशभर ओळखले जाते. भारतीय पद्धतीच्या ख्रिस्ती उपासनेचा ध्यास घेतलेले कॅथलिक केंद्रही याच शहरात आहे. भारतातील बिशपांनी मांडलेल्या बारा सूचनांना 1969 च्या एप्रिलमध्ये रोमची मान्यता मिळाली. त्यांतील एक अशी होती : उपासनेत धूपाचा अधिक वापर व्हावा आणि त्यासाठी मूठ असलेले साधे धूपपात्र चालावे.

अनेक भाविकांना हे रुचले नाही. शेजाऱ्याच्या देवघरातले पात्र आपल्या वेदीपुढे कसे आणावे, हा त्यांचा प्रश्न होता. प्रिय वाचकहो, या प्रश्नाला हसू नये. इ.स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी आरोपी ख्रिस्ती लोकांना सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करावयास लावीत असे. जे नकार देत व ख्रिस्ताला धरून राहत, त्यांना देहदंड होई. तरीही चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेस गेलेल्या एजेरियाने ख्रिस्ताच्या कबरेवरील मंदिरात धुपाटणी आणलेली पाहिली. धूप तोच, ज्याच्यापुढे तो जाळावयाचा, तो मात्र बदलला होता.

गणनाच्या सोळाव्या अध्यायात कोरहासह बंड करणारे 250 पुरुष धूप जाळताना भस्म झाले. त्यांची पितळी धुपाटणी मात्र टाकून दिली गेली नाहीत. ती पवित्र ठरली; त्यांचे पत्रे ठोकून वेदी मढवण्यात आली. दोष धातूचा नव्हता, हातांचा होता. यशयाच्या पहिल्या अध्यायातही देवाला धूपाचा वीट येतो, कारण तो अर्पिणारे हात रक्ताने माखलेले असतात आणि विधवेचा कैवार कोणी घेत नाही.

तेव्हा पात्राला साखळी असावी की मूठ, हा वाद गौण आहे. आपल्या घरी क्रूसापुढे जळणारी उदबत्ती बहुधा कोणा गरीब स्त्रीने नगावर मजुरी घेऊन वळलेली असते. तिला पोटापुरते मिळाले का, हे आपण कधी विचारतो का?

त्याच अध्यायात पुढे लोकांत मरी पसरते. तेव्हा अहरोन वेदीवरचा विस्तव धुपाटण्यात घेतो, मंडळीत धावत जातो आणि मेलेले व जिवंत यांच्यामध्ये उभा राहतो. मग मरी थांबते. येत्या रविवारी मंदिरात धूप दरवळेल, तेव्हा अहरोन धुपाटणे घेऊन कोठे धावला, हे आपण आठवावे.