पुराच्या यादीतले रंग

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. त्या आठवड्यात काय झाले, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्याच एका गावातल्या तरुण मंडळाने ठरवले, की पुढच्या वेळी गाव बेसावध सापडता कामा नये. मंडळातल्या विनायकने गूगल डॉक्सवर एक यादी सुरू केली, तिची लिंक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिले, 'ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते यात भरा.'

लोकांनी मनापासून भरले. किती फुटांना कोणता रस्ता बंद होतो, होडी कुणाकडे आहे, गुऱ्हाळाची काहिल कुणाकडे आहे, जनावरे कोणत्या माळावर न्यायची, कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कुणाला इन्सुलिन लागते. सारा मजकूर दोन पानांत मावत होता. अक्षरे काळी, ओळी सरळ. चौथी शिकलेल्या माणसालाही ती यादी वाचता येत होती.

जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला आणि यादीचा उपयोग झाला. तेव्हापासून ती सगळ्यांना आपली वाटू लागली आणि तिथूनच तिच्यात रंग भरायला सुरुवात झाली.

आशाताई सुनंदाने आजारी माणसांची नावे लाल केली. ते रास्तच होते. मग ज्यांच्या गोठ्यात दुभती जनावरे होती, त्यांनीही आपापल्या ओळी लाल केल्या. सोसायटीच्या सचिवांनी खताच्या गोदामाची ओळ लाल केली आणि तिच्यामागे गडद निळी पट्टी दिली, कारण नुसत्या लाल रंगाकडे आता कुणाचे लक्ष जात नव्हते. ज्या घरांतली माणसे आधीच दुसरीकडे राहायला गेली होती, त्यांना विनायकने हिरवा रंग दिला. बदललेले फोन नंबर कुणी पुसले नाहीत, त्यांच्यावरून नुसती आडवी रेघ ओढली. पुण्यामुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांनी आईवडिलांच्या नावापुढे पिवळ्या अक्षरांत सूचना लिहिल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आणून चिकटवलेल्या मजकुराबरोबर फुल्याही आल्या. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली दिली की अक्षर ठळक होते. इथे त्या फुल्या तशाच राहिल्या आणि मजकुरात काट्यांसारख्या रुतून बसल्या.

यात एकाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला आपले माणूस, आपले जनावर, आपला माल वाचवायचा होता. पण प्रत्येकाने आपली ओळ उठून दिसावी म्हणून रंग लावला आणि अखेर एकही ओळ उठून दिसेना.

पुढच्या वर्षी मिरगाचा पहिला पाऊस झाल्यावर गावाने सराव ठेवला. वीज गेली आहे, मोबाइलला रेंज नाही, असे धरून चालायचे होते. म्हणून यादीच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स काढून तुकड्यांना वाटल्या. तिथे घोटाळा उघडा पडला. पिवळी अक्षरे झेरॉक्सवर उमटलीच नव्हती. निळ्या पट्टीवरची लाल अक्षरे पट्टीसकट काळी झाली होती. लाल आणि हिरवी नावे एकाच राखाडी छटेची निघाली, त्यामुळे कोणत्या घरात माणसे आहेत आणि कोणते रिकामे आहे, हे कुणाला सांगता येईना.

नावाडी महादूमामा कागद उलटसुलट करत म्हणाले, "मला तर मोबाइलवर बी ही दोन सारखीच दिसत्यात. लहानपणापासनं." लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष काही दुर्मीळ नसतात. मामांनी हे आजवर कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते.

त्यांची तुकडी एकाच रिकाम्या घरापाशी दोनदा जाऊन आली. शेवटच्या गल्लीतल्या आजी गुडघ्यांमुळे जागेवरून उठू शकत नव्हत्या. त्यांच्या दारात शेवटपर्यंत कुणीच पोचले नाही. संध्याकाळी विनायक त्यांना भेटायला गेला तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, "बरं झालं बाबा, आज पाणी नव्हतं."

ते वाक्य विनायकच्या जिव्हारी लागले. घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला, कंट्रोल-ए दाबून अख्खी यादी निवडली आणि 'क्लिअर फॉरमॅटिंग'ची आज्ञा दिली. क्षणात सारे रंग, पट्ट्या, रेघा गेल्या. पान स्वच्छ झाले. त्याने समाधानाने ते ग्रुपवर टाकले.

थोड्याच वेळात तात्या काठी टेकत त्याच्या ओट्यावर आले. तात्यांची सारी हयात छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेली होती. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावण्याआधी तो दोनदा वाचायचा, ही त्यांची जन्माची सवय.

"होडीवाल्यांच्या यादीत पहिला नंबर कुणाचा आहे, बघ," ते म्हणाले.

विनायकने पाहिले. तो नंबर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा होता. आडवी रेघ होती तोवर तो रद्द होता. रेघ गेली आणि तो पुन्हा यादीत आला. हिरवी नावे काळी झाल्यामुळे रिकामी घरेही माणसांनी भरलेली दिसू लागली होती.

"रंग काढलेस, ते बरोबरच केलेस," तात्या म्हणाले. "पण त्या रंगांतून लोकांनी काही सांगितलं होतं. ते आधी उतरवून घ्यायला हवं होतं."

गूगल डॉक्समध्ये 'व्हर्जन हिस्टरी' असते, म्हणून जुनी यादी परत मिळाली. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सगळे जमले. तात्यांनी आधी यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवायला लावली. मग ते एकेका ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारू लागले, "हा रंग काय सांगतो?"

हिरवा म्हणजे घर रिकामे. मग त्या नावापुढे शब्दांत लिहिले, 'दुसरीकडे राहायला गेले'. लाल म्हणजे आजार. मग कोणता आजार, कोणते औषध आणि ते घरात कुठे ठेवले आहे, तेही लिहिले. रेघ म्हणजे रद्द. तो नंबर सरळ काढून टाकला. पिवळ्यातल्या सूचना ज्या त्या घराच्या ओळीत नेल्या. काही रंगांचा अर्थ ते रंग लावणाऱ्यालाही आठवेना, ते अर्थाविनाच गेले. फुल्या 'फाइंड अँड रिप्लेस'ने निघाल्या. सगळा अर्थ शब्दांत उतरल्यावर तात्यांनी विनायकला ती कालचीच आज्ञा द्यायला सांगितली. आता काहीही हरवले नाही.

सचिव मात्र अडून बसले. "गोदामात शंभर घरांचं खत आहे, तात्या. ते भिजलं तर हंगाम गेला. निदान माझी ओळ तरी पुन्हा लाल करू दे."

तात्या म्हणाले, "जुनी पोथी पाहिलीय का? मजकूर काळ्या शाईचा. गेरूचा लाल हात फक्त श्लोकाच्या अंकाला, 'उवाच'ला आणि अध्यायाच्या शेवटाला. वाचणाऱ्याला जागा सापडावी, एवढ्यासाठीच तो रंग. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देऊन ते झाकत, म्हणजे चूक वाचणाऱ्याच्या नजरेसच पडत नसे. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही प्रती ताडून पाहून. आधी पारखलं, मग काढलं." मग त्यांनी सचिवांना विचारले, "रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात महादू हा कागद उघडेल, तेव्हा त्याची पहिली नजर तुमच्या खतावर पडावी, की त्या आजीवर?"

सचिव गप्प झाले. मग त्यांनी स्वतःच सांगितले, की खताची ओळ काळ्या अक्षरांत 35 फुटांच्या रकान्यात घाला. पाणी तिथवर आले की लगेच गोदाम रिकामे करायला घ्यायचे, म्हणजे पुढे घाई होणार नाही.

असे ठरले, की ज्यांना स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडता येत नाही, तेवढीच नावे ठळक करायची. बाकी कशालाही रंग नाही, पट्टी नाही, रेघ नाही. बाहेरचा मजकूर आणायचा तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून नुसती अक्षरे आणायची. विभागांना मथळे दिले, म्हणजे शोधणाऱ्याला थेट तिथे जाता येईल.

गावातली एक अंध मुलगी मोबाइलवर 'टॉकबॅक' लावून यादी ऐकत असे. मजकूर वाचून दाखवणारी ही साधने सहसा अक्षरे वाचतात, रंग सांगत नाहीत. शेजारचे घर हिरवे असल्याचे तिला कधी कळले नव्हते. 'दुसरीकडे राहायला गेले' हे शब्द तिने त्या दिवशी प्रथमच ऐकले. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांतही हेच सांगितले आहे, की कोणताही अर्थ एकट्या रंगावर सोपवू नये. नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 असे प्रमाण असावे, असेही त्यांत आहे. पिवळी अक्षरे पांढऱ्या कागदावर का हरवली, याचे उत्तर त्या प्रमाणात आहे.

पुढे एका पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले. 35 फुटांनाच सचिवांनी ट्रॅक्टर लावून गोदाम रिकामे केले. रात्री वीज गेली. महादूमामांनी टॉर्चच्या उजेडात झेरॉक्स उघडली. पहिलीच ठळक ओळ अशी होती: 'शेवटची गल्ली, आजी, चालता येत नाही, औषधाची पिशवी दारामागच्या खुंटीला.' मामांना कुणाला काही विचारावे लागले नाही. रस्ता बुडण्याआधी आजी शाळेत पोचल्या आणि त्यांच्यासोबत औषधाची पिशवीही पोचली.

तात्पर्य: लिहिणाऱ्याची तळमळ कितीही खरी असो, काय ठळक करायचे ते वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावे. सगळेच अधोरेखित केले तर काहीच अधोरेखित होत नाही. आणि दुसऱ्याने लावलेला रंग पुसायचा असेल, तर त्यामागचा अर्थ आधी शब्दांत लिहून घ्यावा.

तुमच्याकडेही अशी एखादी यादी असेल. सोसायटीच्या सभेचा वृत्तांत असेल, शाळेचे वेळापत्रक असेल, घरातल्या आजारी माणसाच्या औषधांचा तक्ता असेल. आजच ती उघडा आणि प्रत्येक रंगाला तात्यांचा प्रश्न विचारा. उत्तर मिळाले तर ते शब्दांत लिहा, मग रंग काढा. तो कागद अडचणीच्या वेळी कुणाच्या हाती पडेल, हे आपल्याला आधी ठाऊक नसते. म्हणून तो कुणालाही वाचता येईल असाच ठेवा.